विश्राम गागरेचा आवाज

विश्राम गागरे आणि मी नगरपालिकेच्या अग्निशमन दलात एकाच वर्षी लागलो. तो वायरलेसच्या खोलीत पंख्याखाली बसे. मी टेकडीवरच्या टॉवरच्या बॅटऱ्या खांद्यावरून वर नेत असे. तिथे धड पायवाटही नव्हती.

रोज सकाळी वायरलेस तपासताना शेजारच्या गावांना 'ऐकू येतंय का' एवढंच विचारायचं असे. विश्राम मात्र पलीकडच्याची म्हैस व्याली का, तेही विचारी. याला मी काम म्हणत नाही.

आम्ही दोघे निवृत्त झाल्यावर तीन नगरपालिकांनी मिळून वायरलेसची एकच नवी यंत्रणा घेतली. पहिला संदेश जुन्या माणसाने द्यावा असं ठरलं. मला वाटलं, मलाच बोलावतील. मान विश्रामला मिळाला. मला फक्त पाहायला बोलावलं.

त्याने बटण दाबलं. "ऐकू येतंय का रे?"

"अण्णा, तुमीच व्हय? लई दिवसांनी!" पलीकडून आवाज आला. दुसऱ्या गावानेही तेच विचारलं.

माझा जळफळाट झाला. विश्रामच्या ते ध्यानात आलं असावं. त्याने माईक माझ्यापुढे धरला. "लहानू, बोल की."

"मी लहानू दिघे बोलतोय."

 पलीकडून कुणीतरी विचारलं, "कोन?"

विश्रामने माईक ओढून घेतला. "आरं, आपला आवाज इतकी वर्षं ज्याच्या खांद्यावर बसून डोंगर चढला, तो ह्यो!"

खोलीत टाळ्या वाजल्या. त्या माझ्यासाठी होत्या म्हणे. पण माझ्या कष्टावरचं एवढं चांगलं वाक्यही त्यालाच सुचावं!