बापाची पुटपुट

रेडिओ केंद्रात त्याला सगळे ‘इस्त्रीवाला’ म्हणत आणि त्याला ते कौतुक वाटे, यातच काय ते समजा. जुन्या विनोदी श्रुतिकांच्या टेपा साफ करणं हे त्याचं काम. खरखर काढायची, मग हळू बोललेलं वर ओढायचं, मोठ्यानं बोललेलं खाली दाबायचं, सगळा आवाज एका पातळीत. ऐकणाऱ्याची सोय, म्हणे. नवी प्रत झाली की मूळ टेप भंगारात. घाण कशाला सांभाळायची?

या इस्त्रीखाली एक दिवस त्याचा दिवंगत बापच आला. बाप रेडिओवर नवरा व्हायचा, आणि सख्खी आत्या त्याची बायको. आत्या घर डोक्यावर घ्यायची, बाप गप्प राहायचा, आणि मग ओठातल्या ओठात असं काही पुटपुटायचा की समोर बसलेले लोक हसून लोळायचे. दोघांची एकच टेप उरली होती. भावाला लोकांनी पुन्हा एकदा हसून दाद द्यावी, एवढ्यासाठी आत्यानं ती भाच्याकडे सोपवली. घरचा माणूस म्हणून, दुसरं काय!

त्यानं साफ केलेली प्रत तिला ऐकवली. तिची आरडाओरड आणि भावाची पुटपुट एका मापाची. मधली शांतताही त्यानं वर ओढलेली, त्यामुळे कुणाचा तरी खोकला संवादाइतकाच ठणठणीत.

“तो बायकोला घाबरून पुटपुटतो रे,” आत्या म्हणाली. “तू त्याला भांडायला लावलंस.”

“शब्द न् शब्द कळतोय की आता.”

मूळ टेप आण, म्हणाली, तर ती भंगारवाल्यानं नेलेली. हे सांगताना लाज सोडाच, कपाट किती मोकळं झालं ते त्यानं दाखवलं.

प्रसारणाच्या दिवशी आत्याच्या खोलीत ओळखीची म्हातारी मंडळी जमली. आत्या रेडिओला खेटून बसली, बोटं आवाजाच्या बटणावर. स्वतःची ओरड आली की बटण वर, शांततेला पार खाली, पुटपुटीला कान द्यावा लागेल इतपतच. संवाद तिला पाठ होते. चिरडलेलं सगळंच काही परत येईना, पण शेजारीण आधी फिसकन हसली, आणि मग खोलीच हसली.

तेवढ्यात इस्त्रीवाल्याचा फोन. “आत्या, आवाज कसा आरशासारखा आलाय बघ. पण खरं सांगू? बाबांचे विनोद काही खास नाहीत. इथे केंद्रात कुणी हसलंच नाही.”

आत्यानं फोन बाजूला ठेवला. भावाचं पुढचं वाक्य येत होतं.