बिराजदार सरांची उन्हाळी खळ

सरांच्या साठीला जमणाऱ्या मंडळींनो, बिराजदार सर आमच्या कारखान्यात पहिल्यांदा कशासाठी आले, हे तुम्ही विसरला असाल. तुमचं काय, सत्काराची तारीखही दोनदा विचारून गेलात! म्हणून मी सांगते, नात लिहून घेते.

सर कॉलेजात रसायन शिकवत. सात रस्ता चौकातून भर उन्हात चालत आले, तेव्हा आमचे चादरीचे माग बंद होते. सुताला बळकटी यावी म्हणून चढवलेली खळ कोरड्या हवेत कडक होई आणि सूत ताडताड तुटे. "औंदा माग चालले न्हाईत तर मी भिवंडी गाठतो," असं माझ्या थोरल्या लेकानं सांगून टाकलं होतं. मी ते सरांच्या कानावर घातलं. म्हणाले, "आजी, नवी खळ शोधू."

चिंचोक्याचं पीठ, मक्याचा स्टार्च, डिंक, तेल. एकेक मिश्रण शिजवत बसलो असतो तर माझं आयुष्य पुरलं नसतं. सरांनी मोजकेच घाणे केले, कशात सूत किती तुटलं ते टिपलं आणि पुढे काय शिजवावं, हे पुण्याच्या कॉम्प्युटरला विचारायचं ठरवलं. त्याचा प्रोग्राम आणि आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर होते. पुण्याला निघायच्या दिवशी गठ्ठा ओट्यावर ठेवून सर दुपारभर आत सूत तपासत बसले.

आमच्याकडे चादरीची नक्षी कार्डांच्या भोकांतूनच मागावर उतरते. ती कार्डं ओवणं सुनेचं काम. तिनं दाभण घेतलं आणि सरांच्या गठ्ठ्याची सुतळीत माळ करून टाकली.

"सूनबाई, याची चादर विणायची नव्हती हो!"

"मग येवढी भोकं कशापायी पाडली? अन् नक्षी बी लई वंगाळ हाय, सर."

सर उंबऱ्यावर बसून हसले. "क्रम तरी चुकवला नाहीस," एवढंच म्हणाले. अशी दाभणानं टोचलेली कार्डं यंत्र घेत नाही, हे आम्हाला मागाहून कळलं. पुण्यात सगळी पुन्हा पाडून घेईपर्यंत कॉम्प्युटरवरची त्यांची पाळी हुकली. दुसरी मिळेपर्यंत ते तिथेच थांबले. इकडे थोरल्यानं वळकटी बांधली.

सर थोडीच मिश्रणं घेऊन परतले. पहिलं फसलं. "यंत्रानं अंदाज सांगितलाय, आजी. शिजवून बघायचं आपल्यालाच." दुसरी खळ भर उन्हात मऊ राहिली. माग सुरू झाले, वळकटी सुटली. ती कृती सरांनी आसपासच्या सगळ्या कारखान्यांना सांगितली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पावसाळ्यात खळीला बुरशी येते, तिचा उपाय अजून सापडायचाय. तेव्हा सरांना शंभर वर्षांचं धडधाकट आयुष्य लाभो. सत्काराला पेढे नकोत, डॉक्टरांनी सरांचं गोड बंद केलंय. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवा. जरा जास्तच पाठवा, आल्यागेल्याला वाटून सर स्वतः उपाशी राहतात.