नाकातलं तूप

सुमे, कोरोनाच्या टाळेबंदीनंतर कॉलेज परत सुरू झालं त्या सकाळी निघताना आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि माझ्या दोन्ही नाकपुड्यांत बोटानं तूप घातलं. “रोग तुपात अडकून बसतोय, टेस्टच्या काडीला लागत न्हाई,” म्हणाली. तिला हे कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

आबांनी एसटीत बसवताना बजावलं होतं, “रिपोर्ट निगेटिव्ह आला तर हॉस्टेल. न्हाई तर गप घरी यायचं, पावनं थांबल्यात.” मदुराईतलं त्यांचं सोनं गाळायचं दुकान टाळेबंदीत बंद पडलं, तेव्हापासून ते विट्यात बसून होते. पन्नास माणसांत लग्न उरकतंय, याचं त्यांना भारी कौतुक. तुझं असंच उरकलं होतं की गं, त्याच्या दोनच महिने आधी! माझं अख्खं शिक्षण आता त्या काडीवर लटकलं होतं.

सांगलीत कॉलेजच्या फाटकाशी ही लांब रांग. पांढऱ्या पोशाखातल्या माणसानं माझ्या नाकात काडी फिरवली, बाहेर काढून उन्हात धरली.

“काय घातलंयस गं हे?”

“तूप.”

मागची सगळी रांग खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नमुना बाद, परवा पुन्हा टेस्ट. तोवर हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरची एकटी खोली, बाहेरून कडी.

दुसऱ्या खेपेला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आबा मोटारसायकलवरून न्यायला आले आणि खिडकीखाली उभे राहून ओरडले, “चल खाली! पावनं रविवारी येत्यात.” रेक्टरबाई आडव्या झाल्या. पॉझिटिव्ह पोरगी चौदा दिवस हलायची नाही म्हणाल्या.

मी गज धरून रडत होते. त्या खोलीत जीव गुदमरायचा, सुमे. डबेवाली मावशी दाराशी डबा ठेवून पळायची, दिवसभर माणसाचा आवाज नाही. आणि तरीही कडी निघू नये म्हणून मी देवाला हात जोडत होते. आगीतून फुफाट्यात नको, एवढंच मागणं.

रविवार गेला. पावण्यांनी ‘तसली पोरगी नको’ म्हणून कळवलं. आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग दुकान उघडलं, ते मदुराईला गेले आणि माझं कॉलेज पार पडलं.

आता बंगळुरात नोकरी आहे. ऑफिसात सगळे ‘वर्क फ्रॉम होम’ मागतात, मी मागत नाही. तुझ्या पोरीला बघावं, आईच्या हातचं खावं, लय वाटतं गं. पण सणावाराला आबाही मदुराईहून आलेले असतात, विट्याच्या स्टँडवर उतरले की वाटतं, आता काही मला सोडत नाहीत.

म्हणून गावाला निघायच्या आधी मी परतीचं तिकीट काढते, त्याची प्रिंटसुद्धा घेते. आई ती हातात घेते, वाचता येत नसताना उलटसुलट बघते, घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवते आणि हळूच म्हणते, “आबांस्नी दावू नगंस.”