चिरेखाणीतला शेवटचा वर्ग

"मत नंतर. आधी दिसतं काय ते सांगा," असं म्हणत आमच्या शेजारच्या बाई उजवा तळवा वर करायच्या, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. आज बांगडा ताजा नाही, एवढं मी म्हटलं की तळवा वर. "मत नंतर. डोळे कसे आहेत? कल्ले लाल की तपकिरी?" त्यांच्या बहिणीने फोनवर सुनेची तक्रार सुरू केली तरी तेच. "उद्धट झाली हे तुझं मत. ती बोलली काय ते सांग." बहीण फोन ठेवून द्यायची.

तुम्ही दोघा नातवंडांनी त्यांना पाहिलं आहे. मागे सुट्टीत आलात तेव्हा कुंपणापाशी उभं करून, दुपारची सावली सकाळपेक्षा आखूड का, असं विचारणाऱ्या त्याच. तुम्ही घरात पळालात आणि ही परीक्षा होती का, असं मला विचारलंत. परीक्षा नव्हती. चाळीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, निवृत्त झाल्या तरी ती खोड गेली नव्हती, एवढंच.

त्या खोडीपायीच त्यांनी आळीतल्या आम्हा बायकांचा वर्ग सुरू केला. बुधवारी दुपारी, जेवणं आवरली की त्यांच्या पडवीत. कुणाची शाळा आठवीत सुटलेली, कुणाची माझ्यासारखी इंग्रजी व्याख्या पाठ करण्यात संपलेली. क्रम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. आधी लांबचं, मग जवळचं. ग्रहांपासून सुरुवात, मग अणूच्या पोटात शिरायचं आणि शेवटी पायाखालच्या जमिनीवर यायचं.

ग्रहांच्या वेळी त्यांनी अंगणात दोन खुंट्या ठोकल्या, दोरीचा फास घातला आणि सुमनच्या हातात रांगोळी देऊन तिला दोरी ताणत फिरवलं. सुमन म्हणजे पलीकडच्या घरातली, तुम्हाला फणसाचे गरे देणारी.

"ह्यां तर आंब्याच्या कोयीसारखां झालां," सुमन म्हणाली.

"ग्रह असाच फिरतो. सूर्य या एका खुंटीशी. ग्रह सूर्याच्या जवळ आला की वेग वाढतो, लांब गेला की कमी होतो."

"म्हणजे आमच्यासारखाच. माहेर जवळ आलां की पाय उचलतात."

बाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. त्यांना इतकं हसताना मी क्वचितच पाहिलं. सुमन त्यांची लाडकी विद्यार्थिनी होती. तसं त्या कधी बोलल्या नाहीत, पण प्रश्न विचारल्यावर आधी तिच्याकडे बघायच्या.

अणूच्या वेळी चिंचोके आले. फोडलेले, एक बाजू पांढरी, एक काळी. मूठभर चिंचोके ताटात टाकायचे आणि पांढरे पडतील ते बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा टाकायचे. दर खेपेला साधारण निम्मे उरत. "कुठला चिंचोका पांढरा पडेल ते कुणालाच सांगता येत नाही. किती उरतील याचा मात्र अंदाज येतो. काही अणू असेच आपले आपण फुटतात." आम्ही लहान मुलींसारख्या खेळत बसलो होतो.

त्याच सुमारास किनाऱ्यावर अणुविजेचा प्रकल्प होणार अशी चर्चा गावागावांत सुरू झाली. सुमनचं माहेर तिकडचंच. तिच्या भावाची आंब्याची कलमं त्या जागेत जाणार होती.

ताटातले चिंचोके बाजूला सारून तिने विचारलं, "बाई, ह्यां सगळां समजलां. पण आमच्याकडे येणार तां बरां की वायट?"

बाईंचा तळवा वर गेला. "मत नंतर, सुमन. अजून जमिनीचा भाग राहिलाय."

"जमीनच जाणार माझ्या भावाची. नंतर म्हणजे कधी?"

"दोन्ही बाजूंचं वाच. काय दिसतं ते बघ. मग तूच ठरव."

"वाचून ठरवता आलां असतां तर तुमच्याकडे कशाला आल्ये असत्ये?" तिने पदर खोचला आणि उठली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या.

पुढच्या बुधवारी निम्म्या आल्या. प्रकल्पाच्या बाजूची मंडळी म्हणू लागली, बाई मनातून विरोधात आहेत म्हणून गप्प. विरोधातली म्हणाली, त्यांना कुणीतरी गप्प बसवलंय. बाईंनी कुणालाच उत्तर दिलं नाही. आणखी काही बुधवार गेले आणि पडवीत बाई आणि मी, दोघीच उरलो. त्या तरीही सतरंजी पूर्ण अंथरायच्या.

"काकू, आज बाहेर जाऊ," एका बुधवारी त्या म्हणाल्या. रिक्षाने आम्ही मिरजोळे गावाच्या पुढे एका बंद पडलेल्या चिरेखाणीत गेलो. जांभ्या दगडाचे चिरे काढून काढून भिंतींना पायऱ्या पडल्या होत्या. वर लाल जांभा, तळाशी मऊ पांढुरकी माती. "त्याच्याही खाली काळा कातळ," बाई म्हणाल्या. "कधीकाळी वितळलेला रस होता तो. थिजला. मग पावसाने त्यातलं विरघळेल ते नेलं आणि लोखंड मागे राहून गंजलं. गंजाची घरं बांधतो आपण."

मग त्या आणखी खाली गेल्या, म्हणजे बोलण्यात. पृथ्वीच्या पोटातली बरीचशी उष्णता अणू फुटूनच येते, आजही येते. "म्हणून जमीन शेवटी ठेवली होती. अणू फुटणं कारखान्यात सुरू झालं नाही, पायाखाली कायमच चालू आहे. त्याने प्रकल्प चांगला ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. पण भांडायला जाताना हे माहीत असावं. सुमनला हे सांगायचं होतं."

मी विचारलं, "आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

त्यांनी तळवा वर केला नाही. "भीती वाटते. रात्री जाग येते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"माझी भीती घेऊन घरी गेल्या असत्या हो. स्वतः काही बघितलंच नसतं."

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांच्याच नियमाने बघितलं तर भीती वाटते हे मत नव्हतं. जे होतं तेच होतं.

वर्ग पुन्हा भरला नाही. सुमन समोरून आली तर बाई थांबायच्या आणि सुमन खाली बघून पुढे जायची. गेल्या थंडीत बाई गेल्या. चार दिवसांचा ताप आणि मग काहीच नाही.

तेरावं झाल्यावर सुमन माझ्याकडे आली. "काकू, जमिनीचा भाग तुम्हाला शिकवला म्हणे. मला सांगाल?"

मी तिला खाणीत नेलं. जांभा दाखवला, माती दाखवली, खालच्या रसाचं आणि गंजाचं सांगितलं. पोटातल्या उष्णतेपाशी आले आणि अडले. ती इतका काळ टिकते कशी, असं सुमनने विचारलं. मला येईना. मग मला जे नक्की ठाऊक होतं ते मी तिला सांगितलं, की बाईंना भीती वाटत होती.

"तेवढां सांगायचां होतां त्यांनी," सुमन म्हणाली. "मी सोबतीला तरी आल्ये असत्ये."

आणि ती खाणीच्या पायरीवर बसली. दुपारच्या उन्हाने तापलेल्या चिऱ्यावर तिने हात ठेवला आणि चटका बसत असूनही काढला नाही.