उसाच्या बांधावरची तोंडी परीक्षा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भूजलाच्या अभ्यासासाठी सहा महिने जर्मनीला निघाले तेव्हा आमचं निम्मं गाव, निमगाव सावा, निरोपाला आलं होतं. सातव्या आठवड्यात साथ आली, हॉस्टेल रिकामं झालं आणि मी परत. वर्ग तेवढे मोबाइलवर चालू राहिले.

घरात रेंज नव्हती. ती मिळायची विहिरीजवळच्या बांधावर, आणि बांधाला लागून ऊस. आमच्याकडं तिन्हीसांजेला उसाशेजारी कुणी गप बसत नाही. माणसाचा आवाज असला की बिबट्या लांब राहतो. म्हणून आई काठी घेऊन सोबत यायची आणि बोलत राहायची. कुणाची गाय व्याली, कुणाच्या टोमॅटोवर रोग आला. मी माइक बंद ठेवायचे. पडद्यावर माझ्यामागं पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावलेलं असायचं. मला उसाची लाज वाटत होती, दुसरं काय.

शेवटी तोंडी परीक्षा आली. सगळं सत्र तिच्यावरच होतं. माइक चालू हवा, खोलीत दुसरं कुणी नको. वेळ आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाची. आईला म्हटलं, आज अर्धा तास गप बस.

"बसते की. मग तुझी परीक्षा बिबट्याच घेईल."

तिसऱ्या प्रश्नाला तिचं बोलणं सुरू झालंच. परीक्षा घेणाऱ्या जर्मन बाई थांबल्या. खोलीत कोण आहे, उत्तरं कोण सांगतंय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. कधी शाळेत न गेलेल्या माझ्या आईवर हा आळ.

"मी खोलीत नाही," म्हणाले आणि कपाटाचं चित्र काढून टाकलं. मोबाइल फिरवून ऊस दाखवला, विहीर दाखवली, आई दाखवली. बिबट्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यांना बोलू द्या. आणि पुस्तकातले प्रश्न सोडून त्यांनी विचारलं, त्या विहिरीचं पाणी पूर्वी कुठवर असायचं?

मला माहीत नव्हतं. भूजल शिकत होते आणि घरच्या विहिरीचं माहीत नव्हतं. आईला विचारलं.

"मी लग्न होऊन आले तवा वैशाखातबी दोन परसावर पाणी व्हतं. आता होळीलाच तळ दिसतो."

ते मी बाईंना सांगितलं, परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची, हेही. उत्तर आईचं आहे, असंही सांगितलं. मग तसं का झालं ते मात्र माझं मी सांगितलं, नकाशाशिवाय, विहिरीकडं बोट करून.

पास झाले. त्या संध्याकाळी ते माहीत नव्हतं. आई म्हणाली, चल, अंधार पडतोय. उसाच्या कडेनं चालताना रोज तीच बोलायची. त्या दिवशी घरापर्यंत मी विचारत राहिले.