ज्या घरी कुरकुर, त्या घरी कप

मी हँडबॉल खेळते असं सांगितलं की कोल्हापुरात समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हंजे व्हॉलीबॉलच न्हवं?" मग मी समजावून सांगते, एका बाजूला सात जणी, बॉल हातानं टाकायचा, आणि गोलात मी. "मग फुटबॉलच की, फकस्त हातानं." पूर्वी मी यावर वाद घालायचे. आता हसते आणि विषय बदलते.

तालमी आणि फुटबॉलनं भरलेल्या या गावात आमच्या क्लबला पाय ठेवायला जागा मिळाली हेच पुष्कळ. ती मिळाली एका शाळेच्या मैदानावर, तीही फुटबॉलची पोरं उठायच्या आत. आमच्या मॅडम तिथं खेळ शिकवायच्या. कुणी कबड्डीत नको झालेली, कुणी पळण्यात मागं पडलेली, अशा मुली त्यांनी गोळा केल्या. बॉल अंगावर आला की मी डोळे मिटत नव्हते, उलट चिडायचे, म्हणून मला गोलात उभं केलं. या स्वभावाचा घरात फारसा उपयोग झालेला नाही.

मोठ्या संघातल्या मुली बोटांना काहीतरी चिकट लावतात, त्यानं बॉल एका हातात बसतो, हे मॅडमनी कुठंतरी पाहिलं होतं. ती झाडाची राळ असते हे आम्हाला कोण सांगणार? चिकट म्हटल्यावर ऊसपट्ट्यातल्या मुलींना जे सुचायचं तेच सुचलं. एकीनं घरच्या गुऱ्हाळातून बाटलीभर काकवी आणली आणि आमच्या पहिल्या मोठ्या सामन्यात आम्ही ती चांगली चोपडून उतरलो. सुरुवातीला बॉल हातात असा बसला की आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. मग तो हातातून सुटेचना. पास द्यायला जावं तर पायाशी पडायचा, लोळून लोळून मातीचा गोळा झाला, आणि मध्यंतरात त्याला मुंग्या लागल्या. पंचांनी बॉलचा वास घेतला आणि मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडं हे पौष्टिक समजतात." आम्ही सपाटून हरलो.

पुढं मात्र जिंकायला शिकलो. जिल्हा, मग राज्य, मग बाहेरच्या राज्यांतल्या स्पर्धा. आता क्लब व्यावसायिक झालाय. मुलींना मानधन मिळतं, डोक्यावर छप्पर असलेलं कोर्ट आहे, राळेचे डबे आहेत.

सुरुवातीला क्लबला स्वतःची खोली नव्हती, तेव्हा कप ठेवायचे कुठं? मॅडमनी रीत पाडली: जिच्या घरी खेळावरून सर्वांत जास्त कुरकुर, तिच्या घरी कप. सगळ्या संघानं हलगी वाजवत जायचं, गल्लीत पेढे वाटायचे. अख्खी गल्ली कौतुकाला जमल्यावर कुरकुरणारा माणूस काय बोलणार? एका सासूबाईंनी तर शेजारणींना दाखवून दाखवून कपाची कड झिजवली. क्लबला खोली मिळाली तरी रीत तीच राहिली. माझ्या घरी मात्र कप कधीच आला नाही, कारण तिथं सगळे खूश. मी नवऱ्याला एकदा म्हटलं, "जरा कुरकुर करा की." तो म्हणाला, "तुझ्यासमोर?"

गेल्या मोसमात शिरोळकडची एक डावखुरी मुलगी आमच्याकडं आली. तिच्या हातातून बॉल सुटताना दिसतच नाही, लागला की कळतं. क्लबला तिच्याशी पुढचा करार करायचा होता, तोच तिच्या वडिलांनी तिला घरी नेलं आणि निरोप धाडला, बास झालं, आता पोरगी यायची न्हाय. त्याच आठवड्यात आम्ही एक स्पर्धा जिंकलेली होती. कप कुठं जायचा हे वेगळं ठरवावं लागलं नाही.

हलगी वाजली, वस्तीवरची माणसं गोळा झाली. वडील जुने पैलवान, कान मुडपलेले. त्यांनी चहा दिला, भडंग दिलं, कपाकडं नीट बघितलंही नाही. मुलगी दाराआड उभी होती, डोळे सुजलेले.

"कप चांगला हाय मॅडम," ते म्हणाले. "पन ह्यात खेळ कुठं हाय? पोरींनी पळायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या."

माझं डोकं फिरलं. "काका, बघितलाय का कधी?"

"न्हाय."

"मग कसं म्हणता?"

वडील म्हणाले, "दावा की मग."

गोठ्याचं दार आमच्या गोलाएवढं रुंद होतं. म्हशी बाहेर काढल्या, मुलीच्या हातात बॉल दिला आणि मी दारात उभी राहिले. मॅडमनी मला डोळ्यांनी बजावलं, सोड. मलाही कळत होतं, या पोरीचा सगळा खेळ आत्ता माझ्या हातात आहे. पण तिचा हात वर गेला आणि मी बाकी सगळं विसरले.

पहिला बॉल मी कोपरानं अडवला. दुसरा पायानं. मॅडमनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या वेळी ती उडाली, हवेत हात क्षणभर रोखून धरला, मी एका बाजूला झेपावले आणि बॉल दुसऱ्या बाजूनं थेट कडब्यात. वस्तीनं एकच गिल्ला केला.

वडील उठून माझ्याजवळ आले. "ताई, पोरगीला न्यायाला आलाय न्हवं? मग पैले दोन का आडवले?"

"तिला कळलं असतं."

"मलाबी कळलं असतं की. ठरवून केलेली कुस्ती मी लांबनं वळखतो. पैला सोडला असता, तर कपासकट वाटंला लावलं असतं तुमास्नी." मग मुलीकडं वळले. "आनि तू? शेवटी केलंस ते पैल्यांदाच का न्हाय केलंस?"

"आप्पा, ही अक्का पैल्यांदा फसत न्हाय."

"मग हितं काय करतीस? जा. ही पैल्यांदा फसल्याबिगर घरी यायचं न्हाय."

परतीच्या गाडीत ती आमच्याबरोबर होती. मी सगळ्यांसमोर रडले, लाज वाटली नाही.

परवा सरावात तिनं पहिल्याच बॉलला मला जमिनीवर बसवलं. मी बसल्या बसल्या म्हटलं, "झालं, आता जा घरी."

ती धावत आली, मला हात देऊन उठवलं आणि कानाशी म्हणाली, "अक्का, आप्पास्नी सांगू नका."