कुसुमचे मार्क

कुसुमबरोबर शेवटचं काय केलं, तर चहा प्यायलो. बडोद्यात, मांजलपूरच्या आमच्या घरी, संध्याकाळी, गॅलरीत. चहा मी केला होता. मी विचारलं, "किती?" तर म्हणाली, "आज सर्दीने चवच कळत नाहीये. उद्या परत करा, मग सांगते." त्याच रात्री झोपेत गेली... महिना झाला.

हे मार्कांचं खूळ नाशिकचं. आमचा मुलगा प्रशांत तिथे वाइन विकतो. मी रेल्वेत फिटर होतो, त्यात बडोद्याला दारूबंदी. आमच्या घरात बाटली आली ती फिनेलचीच. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने दुकान दाखवलं. बाटल्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या, त्यावर आकडे. "शंभरपैकी मार्क आहेत, बाबा. जाणकार माणूस चाखून देतो. नव्वदच्या वर गेली की बाटली खपलीच. लोक चव विचारत नाहीत, आकडा बघतात." कुसुमने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चिंचेचं पाणी. पस्तीस."

"अगं आई, हिला ब्याण्णव आहेत!"

"असतील. जीभ माझी आहे ना?"

घरी आल्यावर ती माझ्या चहाला मार्क द्यायला लागली. रिटायर झाल्यापासून चहाचं खातं माझ्याकडे. कधी बासष्ट, कधी सत्तर, दूध करपलं तर सरळ नापास. शाळेत मी कायम काठावर, सातवीत सोडलीच. पण म्हातारपणी मार्कांची हाव सुटली. एकदा एकोणनव्वद मिळाले. म्हटलं, "एक दे की अजून!"

"नव्वद दिले की विकायला काढाल. मग मला कोण करून देणार?"

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. प्रशांत नाशिकहून निघाला होता, त्याच्यासाठी थांबलो होतो. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, आलं ठेचलं, आधण ठेवलं. शेजारच्या ज्योत्स्नाबेनने येऊन गॅस बंद केला. "काका, आज घरात चूल नाही पेटवायची."

"पण तिने आज सांगते म्हटलंय," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या घरून कप भरून आणला, माझ्या हातात दिला. मी दोन घोट घेतले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "चा केवी छे, काका?"

चहा चांगला होता.

"चाळीस," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. जिला कळलं असतं, ती बाहेरच्या खोलीत निजवलेली होती.